अंगठ्यांचा बाजार

अंगठा या अवयवाला आपल्या देशात पूर्वी फारशी प्रतिष्ठा नव्हती. एकलव्याने तो कापून दिला, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव गौरवाचा प्रसंग. पुढे सावकाराच्या कागदावर तो उमटू लागला आणि ज्याचा उमटला त्याची जमीन गेली. 'अंगठेबहाद्दर' म्हणणे ही तर उघड शिवीच झाली. पण दैव फिरले म्हणजे कसे फिरते पाहा! आज मोठमोठे दुकानदार, कारखानदार, एवढेच काय कवीसुद्धा लोकांच्या अंगठ्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. फोनच्या पडद्यावर वर केलेल्या अंगठ्याचे चित्र आले की यांचा जीव भांड्यात पडतो. किती अंगठे आले यावर माणसाची किंमत ठरते, आणि मालाचीही ठरते असा समज आहे. हा समज कितपत खरा, याचाच विचार या खेपेस करावा म्हणतो.

दिवाळी अंकात जाहिरातीवर लेख कशाला, असे कुणी विचारील. पण दिवाळी अंक आणि जाहिरात यांचे नाते फार जुने आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा मराठीत सुरू झाली. तेव्हापासून दिवाळी अंकांचा संसार मोठ्या अंशी जाहिरातींवरच चालत आला आहे. अंक हातात पडताच आधी जाहिराती चाळणारे आणि मग सवडीने कथा वाचणारे रसिक माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांची अभिरुची अगदीच वाईट असते असेही नाही. तेव्हा विषय घरचाच आहे.

हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या काठी वसलेले आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून सारा महाराष्ट्र ते ओळखतो. आषाढी एकादशीनंतरच्या वद्य एकादशीला इथे परतवारी भरते आणि सारा परिसर माणसांनी फुलून जातो. पण या जिल्ह्याची आणखीही एक ओळख आहे, ती म्हणजे हळद. हिंगोलीच्या हळद बाजाराला नावही संत नामदेवांचेच दिलेले आहे, आणि जिल्ह्यातल्याच वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे पीक म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. मे-जूनमध्ये बेणे लावायचे, आठ-नऊ महिने लेकरासारखे सांभाळायचे, थंडी सरता सरता काढायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे, मग ढोलात फिरवून पॉलिश करायचे. एवढे करून पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर सुकी हळद हाती येते. ती घेऊन मोंढ्यात जायचे, आणि भाव? भाव त्या दिवशी जो निघेल तो!

माझा एक जुना विद्यार्थी याच नरसीचा. बी.ए.ला त्याने मराठी घेतले होते. म्हणजे नोकरी लगेच मिळेल असा भ्रम त्याला पहिल्यापासूनच नव्हता. घरी तीन एकर हळद. एके वर्षी त्याच्या मनात आले, की हळकुंडे मोंढ्यात घालण्यापेक्षा ती दळून, पुडे बांधून पुण्या-मुंबईच्या घरांना थेट का विकू नयेत? आडत्याची दलाली वाचेल, भाव आपण ठरवू, आणि गिऱ्हाइकालाही चोख माल मिळेल. विचारात खोट काढण्यासारखे काही नव्हते. वडिलांनी बारा हजार रुपये काढून दिले, पण एका बोलीवर: पुढची हळद निघेपर्यंत धंदा उभा राहिला नाही, तर मुलाने मुकाट्याने पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची.

पोराने फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर दुकान मांडले. हळदीच्या ढिगाचे, वाळवणाचे, आईच्या हातातल्या सुपाचे सुरेख फोटो टाकले. पहिल्या आठवड्यात सातशे अंगठे आले. मागण्या आल्या चार, आणि त्यांतल्या दोन मामाच्या घरून. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असता त्याची आई मला म्हणाली, "सर, हे अंगठे दाखवायलेत ते लोक हळद खातेत का नाही?"

माउलींच्या या प्रश्नात साऱ्या जाहिरातशास्त्राचे सार आहे, असे मला वाटते. बाजारात आलेला माणूस आणि जत्रा पाहायला आलेला माणूस दिसायला सारखेच असतात. दुकानापुढे दोघेही थांबतात, पण पिशवी एकाच्याच हातात असते. समाजमाध्यमावर माणूस येतो तो भाचीच्या बारशाचे फोटो पाहायला, आणि हळदीचा ढीग वाटेत आला म्हणून जाता जाता कौतुक करून पुढे सरकतो. त्याचे कौतुक खोटे नसते, पण ते खरेदीही नसते.

यात दुसरी एक गोम आहे. आपण दुकान मांडले म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसणारच, असे आपण धरून चालतो. पण या बाजारात रस्ता कोणाला कुठल्या दुकानावरून न्यायचा हे बाजाराचा मालकच ठरवतो. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये उघडच जाहीर केले, की यापुढे लोकांना धंदेवाल्यांच्या पानांपेक्षा मित्रांचे आणि आप्तांचे लिखाण आधी दाखवू. वाचणाऱ्यांच्या दृष्टीने हे ठीकच झाले. पण ज्यांनी वर्षानुवर्षे खपून आपल्या पानाशी लोक जोडले होते, त्यांचा आवाज त्यांच्याच माणसांपर्यंत पोचेनासा झाला. पोचवायचा असेल तर पैसे मोजा. ते पैसेही ठरलेल्या दराने घेत नाहीत. जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. मोंढ्यातला लिलाव निदान डोळ्यांदेखत तरी होतो. इथे बोली कोण लावतो, किती लावतो, हे दिसतसुद्धा नाही. सणासुदीला कपडेवाले, दागिनेवाले, गाड्यावाले सारेच बोली लावायला उतरतात, तेव्हा नरसीच्या हळदीच्या पुड्याने त्यांच्या पंगतीला कसे बसावे? माझ्या विद्यार्थ्याने तीन हजार रुपये या लिलावात घातले. अंगठे दोन हजारांवर गेले आणि मागण्या अकरावर. आडत्याची दलाली चुकवायला निघालेल्या पोराला नवा आडत्या भेटला होता, इतकेच!

मालकाची जागा आणि भाड्याची जागा यांतला फरक आपल्याकडे शहाण्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरी या नव्या बाजारात आपण तो विसरतो. ऑर्कुट नावाचे गाव एके काळी केवढे गजबजलेले होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. टिकटॉकवर गावोगावच्या माणसांनी नाव मिळवले होते; २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातली आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने घेतलेल्या त्या निर्णयाबरोबर कित्येकांचा जमवलेला श्रोतृवर्ग एका रात्रीत पांगला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही दुकाने सुमारे सहा तास एकदम बंद पडली. ज्यांचा सारा व्यवहार तिथेच चालत होता, ते हात चोळत बसले. घरमालक वाईट होता असे नव्हे. पण घर त्याचे होते.

आता हळदीपुरते बोलायचे तर तिची एक खास अडचण आहे. फोटोला वास नसतो. हळद ओळखायची ती वासावरून, चवीवरून, बोटांत चोळून. पडद्यावर यातले काहीच जात नाही. जातो फक्त रंग. आणि रंग हीच तर भेसळीची वाट! हळदीत शिशाचे क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो मिसळतात ते रंग झगझगीत दिसावा म्हणून. म्हणजे या बाजारात विषारी हळद अधिक देखणी दिसते, आणि घरच्या जात्यावरची प्रामाणिक हळद तिच्याशेजारी मळकट. माझ्या विद्यार्थ्याला एका बाईंनी स्पष्टच लिहिले, "तुमची हळद पिवळी दिसत नाही." फोटोचा रंग चढवून देणारी कळ त्याच्या फोनमध्ये होती. ती त्याने दाबली नाही, याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटतो. पण ती मागणी गेली ती गेलीच.

दुसरा मोह शब्दांचा. हळद विकणारे दहा जण पाहिले तर त्यांतले सात जण ती मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे काही बरे करते असे छातीठोक सांगतात. हळद गुणकारी आहे हे आपली आजीही सांगत होती, पण आजी हळदीचा पुडा विकत नव्हती. अमुक एक दुखणे बरे करतो असे सांगून माल खपवणाऱ्यांसाठी १९५४ सालापासून कायदा आहे, आणि फसव्या जाहिरातींवर ग्राहक कायद्याचीही नजर असते. पैसे किंवा फुकट माल घेऊन कौतुक करणाऱ्यांनी ते जाहिरात असल्याचे सांगितले पाहिजे, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घालून दिले आहेत. वसमतचे नाव पुड्यावर छापायचे तर त्या मानांकनाचा नोंदलेला वापरकर्ता असावे लागते. पुडा बांधायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. हे सारे नियम योग्यच आहेत. पण ते पाळणारा गप्प असतो आणि न पाळणारा नगारा वाजवतो, आणि पडद्यावर नगारा आधी ऐकू येतो.

आणि चोर तर सर्व बाजारांत असतात. एक दिवस फोन आला: "मी फौजेतला अधिकारी. वीस किलो हळद हवी. आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा चौकोन स्कॅन करून पिन घाला." पोरगा शहाणा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, हे त्याला माहीत होते. पण पुडा दारात गेल्यावर "आता नको" म्हणणाऱ्यांवर त्याच्याकडे तोड नव्हती. जाण्याचे भाडे त्याचे, येण्याचेही त्याचे, आणि परत आलेल्या पुड्याची घडी मोडलेली.

एवढे झाल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, जाहिरातीच्या झकास चार ओळी लिहून द्या. यमक जुळवून." मी त्याला यमक दिले नाही, एक गोष्ट सांगितली. ती वाचकांनाही सांगतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंड लागले की जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? ते नांगर खपायला फार दिवस लागले, आणि खपले ते एकाच्या शेतात चाललेला नांगर दुसऱ्याने पाहिला म्हणून. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली तिथून एक छोटे नियतकालिक निघू लागले, 'किर्लोस्कर खबर'. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी हा मूळ हेतू. पण नुसती मालाची स्तुती रोज कोण वाचील? म्हणून त्यात उपयोगी माहिती आली, लोकांचे अनुभव आले, विचार आले, गोष्टी आल्या. होता होता ती 'खबर' मराठी घरांतले आवडते मासिक 'किर्लोस्कर' झाली. त्याच घराण्यातून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. नांगर विकण्यासाठी निघालेल्या कागदाने महाराष्ट्राला वाचायला शिकवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आज ज्याला ब्लॉग म्हणतात, आणि मराठीत ज्याला 'अनुदिनी' असा गोड शब्द आहे, ते याहून निराळे काय आहे? समाजमाध्यम म्हणजे जत्रेतली पथारी; अनुदिनी म्हणजे आपल्या वाड्याची ओसरी. जत्रेत गर्दी फार, पण संध्याकाळी पथारी गुंडाळावी लागते. ओसरीवर माणसे थोडी येतात, पण बसतात, पाणी पितात, आणि पुन्हा येताना शेजाऱ्याला घेऊन येतात. मी त्याला म्हटले, "तुझी आई हळद शिजवताना जे बोलते ते लिही. यमक आपोआप जुळेल."

त्याने लिहिले. हळकुंडाची पूड आणि गड्ड्याची पूड यांत फरक काय, हे लिहिले. हळद शिजली हे काडी टोचून कसे पाहतात, कमी शिजली तर काय होते, जास्त शिजली तर काय होते, हे लिहिले. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकली तर चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते, रंग मिसळलेली असेल तर पाणी भडक पिवळे होते, ही अन्नसुरक्षा खात्याने सांगितलेली साधी परीक्षा लिहिली, आणि खाली एक वाक्य जोडले: "आमच्या हळदीवरही करून पाहा." यंदा पावसाने कंद कुजले आणि माल निम्माच आहे, हेही लिहिले. जाहिरातवाल्यांनी हे शेवटचे वाक्य नक्कीच खोडले असते. पण त्या लेखानंतर सहा पत्रे आली, आणि सहाही जणांनी हळद मागवली. ज्याला आपले नुकसान सांगता येते त्याचा माल बरा असावा, असा लोकांचा हिशेब असतो.

आता सारे गोड झाले असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. ओसरीवर माणसे यायला महिने लागतात. गूगलच्या शोधात आपले पान वर यावे यासाठी लिहीत राहावे लागते, आणि हळदीच्या ऐन काढणीत लिहायला बसणार कोण? त्यात भर म्हणून हल्ली शोधयंत्र स्वतःच उत्तर तयार करून वरच्या वर देऊन टाकते. ओसरीवरचे शहाणपण परस्पर वाटले जाते आणि यजमानाला पाहुणा दिसतही नाही. आणि जत्रा अजिबात सोडूनही चालत नाही. ओसरी कुठे आहे हे सांगायला जत्रेत उभे राहावेच लागते. फोन नसता तर कल्याणच्या त्या बाईंपर्यंत नरसीची हळद पोचलीच नसती, हेही तितकेच खरे.

पण या साऱ्या गुंतागुंतीत एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटली. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप पुष्कळांना एकदम धाडण्याची सोय आहे. तो निरोप पोचतो मात्र त्यांनाच, ज्यांनी धाडणाराचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. यंत्राने हा नियम केला तो उपद्रव टाळण्यासाठी. पण नकळत त्याने व्यापाराचे जुनेच सूत्र सांगितले आहे. तुम्ही किती जणांना ओळखता हे महत्त्वाचे नाही. किती जणांना तुमची ओळख ठेवावीशी वाटली, हे महत्त्वाचे. माझ्या विद्यार्थ्याला दोन हजारांवर अंगठे मिळाले. नंबर जपून ठेवणारी घरे मिळाली एकशे चाळीस. त्यांतली निम्मी परतवारीला आलेल्या माणसांची आहेत. देवळातून परतताना त्यांनी त्याच्या आईच्या हातची हळद बोटांत चोळून पाहिली, वास घेतला, आणि पुडा पिशवीत टाकला. पुढे त्यांनीच आपल्या जावांना, नणंदांना सांगितले. नामदेवांची वाणी या कयाधूच्या मुलखातून पंजाबात घुमानपर्यंत गेली आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली. तीही माणसाने माणसाला सांगूनच. थोरांची तुलना हळदीच्या पुड्याशी करू नये हे खरे, पण रस्ता तोच आहे.

एकशे चाळीस घरांत तीन एकरांची हळद खपत नाही. खपली ती तिसरा हिस्सा. उरलेली मोंढ्यातच गेली. तरी त्या तिसऱ्या हिश्शाचा भाव त्याने स्वतः ठरवला होता. वडिलांनी हिशेब दोनदा तपासला आणि आणखी एक हंगाम वाढवून दिला. पुण्याच्या नोकरीचा अर्ज मात्र कपाटात तसाच ठेवलेला आहे. तो टाकून द्यायचा की टपालात टाकायचा, हे येती होळी ठरवील.

ते केवळ त्याच्या हातात नाही. आपण विकणाऱ्याला फार उपदेश करतो. थोडा घेणाऱ्यालाही करावा. दिवाळीच्या पहाटे उटणे लावताना, फराळाची फोडणी घालताना जी हळद आपण हातात घेतो, तिच्यामागे नऊ महिन्यांचे पीक आणि एखाद्या घराचा असा हिशेब असतो. कोणाचा माल मनाला पटला, मग ती हळद असो, गूळ असो की घोंगडी असो, तर वाचकहो, नुसता अंगठा वर करून पुढे जाऊ नका. त्याचा नंबर जपून ठेवा, आणि शेजारच्या वहिनींना सांगा. ज्या जाहिरातीला पैसे पडत नाहीत आणि जिचा लिलाव कोणाला करता येत नाही, अशी जाहिरात अजूनही फक्त तुमच्याच हातात आहे.